पेट्रोल गाळायचं फडकं

माझ्या हातून आजवर किती कार्बुरेटर उघडले गेले ते मला सांगता यायचं नाही. पण एक कार्बुरेटर मी एकाच हिवाळ्यात पाच वेळा उघडला, आणि पाचव्यांदा उघडला तो साफ करायला नव्हे, तर भरबाजारात चूक कबूल करायला. संपादकांनी मला धंद्यातला एखादा अभिमानाचा प्रसंग लिहायला सांगितलंय. अभिमानाचे प्रसंग माझ्याकडे पुष्कळ आहेत. ते मी भेटेल त्याला ऐकवतो आणि घरच्यांना ते केव्हाच पाठ झालेत. हा पाच वेळांचा प्रसंग मात्र मी फारसा कुणाला सांगितलेला नाही, म्हणून तोच लिहितो.

माझं दुकान कॅम्प पाचमध्ये होतं. दुकान म्हणजे एका बराकीची पडवी. लढाईच्या दिवसांत मी त्याच कॅम्पातल्या लष्करी वर्कशॉपमध्ये मोटारसायकलींवर काम करत होतो. लढाई संपली, पलटणी गेल्या, रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली आणि कॅम्पाचं उल्हासनगर झालं. साहेब लोक गेले तरी नटबोल्ट आवळायचे त्यांचे काही पाने माझ्याकडेच राहिले. ते कसे राहिले हे कृपा करून विचारू नये. माझ्या शेजारच्या पडवीत परसराम नावाचे सिंधी गृहस्थ लष्करी भंगारातले नटबोल्ट, पाइप आणि साखळ्या वजनावर विकायचे. तिकडे सिंधमध्ये त्यांचं सायकलींचं मोठं दुकान होतं म्हणे. मी एखाद्या इंजिनाला कान लावून बसलो की तेही आपलं गिऱ्हाईक सोडून माझ्या शेजारी येऊन कान लावायचे.

त्या काळात आमच्या भागात मोटारसायकली थोड्याच होत्या आणि बहुतेक सगळ्या लष्कराने लिलावात काढलेल्या. वरून काळा रंग दिलेला असायचा, पण जरा खरवडलं की खालून खाकी दिसायचा. तसली एक गाडी बदलापूरच्या डॉक्टर गुप्त्यांनी घेतली होती. दर गुरुवारी ते बारवी नदीपलीकडच्या पाड्यांवर औषधांची पेटी घेऊन जायचे. एरवी चालत एक पाडा होई, गाडीमुळे चार होऊ लागले. पावसाळ्यात ते रस्ते बंद असत, तेव्हा गाडी जवळपासच्या गावांपुरतीच फिरायची.

गाडी दुकानात आणण्यापेक्षा मीच सायकलवरून बदलापूरला जाऊन त्यांच्या घरी काम करायचो. डॉक्टरांना ते आवडायचं, कारण त्यांना बघायला मिळायचं. त्यांच्याइतका चौकस माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी पडवीत बसून पितळेच्या परातीत एकेक भाग काढून ठेवत असे आणि ते समोर उकिडवे बसून प्रत्येक भागाचं नाव आणि काम विचारत. कधी एखादा रोगी ओटीवर कण्हत असायचा आणि डॉक्टर त्याला म्हणायचे, "थांब रे जरा, इथे एकाचा गळा उघडलाय."

ज्यांनी कार्बुरेटर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात भरपूर हवा मिसळून त्याचा फवारा करून द्यावा लागतो. हे काम कार्बुरेटरचं. त्याला एक छोटी वाटी असते. टाकीतून आलेलं पेट्रोल या वाटीत साठतं. वाटीत पातळ पितळेचा एक पोकळ गोळा तरंगत असतो. पेट्रोल पुरेसं झालं की तो वर येऊन पेट्रोलची वाट बंद करतो. वाटीतलं पेट्रोल पुढे एका पितळी तुकड्यातून जातं, त्याला जेट म्हणतात. जेटला आरपार एकच भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. सगळी गाडी, तिच्यावर बसलेले डॉक्टर आणि त्यांची औषधाची पेटी या एवढ्याशा भोकावर अवलंबून. त्यात कणभर कचरा अडकला की गाडी सुरू होते, संथ चालते, पण वेग वाढवायला हँडलची मूठ पिळली की गुदमरून मरते. आणि मूठ पिळायची वेळ नेमकी चढावर येते.

जेट साफ करताना नवशिके त्यात तार घालतात. पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर धूर ओकत जास्त पेट्रोल पिते. मी वर्कशॉपमध्ये शिकलो होतो की जेटमध्ये घालायचा तो घोड्याच्या शेपटीचा केस. ताठ असतो, पण पितळेला ओरखडा काढत नाही. बदलापूर स्टेशनबाहेर टांगे उभे असायचे, तेव्हा केसांना तोटा नव्हता. मला ते केस आणून द्यायचा बारकू.

बारकू बेलवलीचा. चाळिशी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा. पावसाळ्यात घरची भातशेती करायचा. दिवाळीपर्यंत भात घरात आलं की बैलगाडी जुंपून कल्याणच्या फेऱ्या करायचा. आठवड्यातून दोनदा जायचा आणि गावातल्या लोकांनी सांगितलेला माल घेऊन यायचा. कुणाचं तेल, कुणाचं कापड, कुणाच्या लेकीच्या लग्नाची भांडी. लिहायला-वाचायला येत नव्हतं. कुणी काय सांगितलं ते सगळं डोक्यात ठेवायचा आणि जसंच्या तसं आणून द्यायचा. लोक त्याच्या हातात पैसे देताना मोजूनही देत नसत. डॉक्टरांचं पेट्रोलही तोच कल्याणहून डब्यातून आणायचा आणि गाडीत भरायचा. मला तो सदाभाव म्हणायचा, म्हणजे सदाभाऊ.

त्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात डॉक्टरांची गाडी दोनदा बंद पडली. वाटीत गंज सापडला. पत्र्याचे डबे आतून गंजले होते. मी डबे बदलायला लावले आणि वर एक हुकूम सोडला की, पेट्रोल टाकीत ओतताना दर वेळी मलमलीच्या धुतलेल्या फडक्यातून गाळून घ्यायचं. एकदा वापरलेलं फडकं पुन्हा धुतल्याशिवाय वापरायचं नाही. डॉक्टरांच्या घरची सगळी व्यवस्था त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे होती. त्यांनी एका जुन्या उपरण्याचे दोन चौकोन फाडले, कडा दुमडून शिवल्या आणि पडवीत खुंटीला लावले. आक्कांच्या हातची धुणी सगळ्या बदलापुरात प्रसिद्ध होती. मी मनात म्हटलं, आता काळजी मिटली.

आणि खरंच मिटली. पावसाळाभर बारकू शेतावर असे, म्हणून पेट्रोल मीच सायकलला डबा बांधून नेत होतो. सगळ्यांना वाटतं पावसात गाडीला त्रास होईल. पण चार महिने त्या गाडीने साधी शिंकही दिली नाही. मी ज्याला त्याला माझ्या फडक्याची गोष्ट सांगत सुटलो.

दिवाळी झाली, बारकूची बैलगाडी कल्याणला जाऊ लागली, पेट्रोलचं काम पुन्हा त्याच्याकडे गेलं. पंधरा दिवस झाले नाहीत तोच डॉक्टर पाड्याच्या चढावर अडकले आणि पेटी डोक्यावर घेऊन चालत परत आले. मी जाऊन कार्बुरेटर उघडला. या वेळी गंज नव्हता. वाटीच्या तळाशी पांढरा गाळ होता आणि जेटचं भोक त्याने बुजलं होतं. घोड्याचा केस घातला, फुंकर मारली, वाटी पुसली, गाडी सुरू. दहा दिवसांनी पुन्हा तेच. त्यानंतर आठवड्याने पुन्हा तेच.

हा पांढरा गाळ माझ्या ओळखीचा होता, निदान मला तसं वाटलं. कार्बुरेटरचं अंग जस्ताच्या भेसळीच्या धातूचं असतं. त्यात पेट्रोलबरोबर पाणी आलं की धातूवर पांढरी भुकटी धरते. लष्करात आम्ही ती शेकडो गाड्यांत पाहिली होती. म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी येत होतं. आता पेट्रोलमध्ये पाणी आपोआप येत नाही, ते कुणीतरी घालतं. डब्यातलं थोडं पेट्रोल काढून विकायचं आणि डबा पाण्याने भरून काढायचा, हा उद्योग त्या दिवसांत सर्रास चाले. पावसाळाभर मी पेट्रोल आणलं, तेव्हा काही झालं नाही. बारकूने आणायला सुरुवात केली आणि गाळ आला. मला हे इतकं स्पष्ट दिसत होतं की, आपण किती हुशार आहोत याचंच मला कौतुक वाटत होतं.

दुकानात परसरामांना मी हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साईं, पहले पेट्रोल बोतल में रखो। रात भर रखो। फिर बोलो।"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पेट्रोल काचेच्या बाटलीत ठेवलं की पाणी असेल तर तळाशी वेगळं बसतं आणि मध्ये रेघ दिसते. दुकानदार लोक रॉकेलचीही अशीच परीक्षा करतात. पण मी लष्करी वर्कशॉपमध्ये शिकलेला माणूस, मला सायकलीच्या दुकानदाराने शिकवायचं? मी ती परीक्षा केली नाही. आज एवढं वय झाल्यावर मागे वळून पाहतो, तेव्हा ती एक बाटली मला सगळ्यात जास्त आठवते.

तिसऱ्यांदा परात मांडली तेव्हा बारकू डबा घेऊन तिथेच उभा होता. मी डॉक्टरांना गाळ दाखवला आणि धातूचं, पाण्याचं सगळं शास्त्र सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पाणी कुठून आलं असेल? मी बारकूकडे न बघता म्हणालो, "डबा ज्याच्या हातातून येतो त्यालाच ठाऊक."

पडवीत दोन-तीन रोगी बसले होते, एक टांगेवालाही होता. डॉक्टरांना अवघडल्यासारखं झालं. ते एवढंच म्हणाले की, बारकू, काही दिवस पेट्रोल सदाशिवच आणू दे. बारकू पुढे आला. त्याने परातीतला गाळ बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला आणि म्हणाला, "ह्यो चिकाट हाय. पान्यानं आसा व्हत नाय." मी म्हणालो, तुला कार्बुरेटरमधलं काय कळतं? त्याने डबा भिंतीला लावून ठेवला, त्याचं झाकण घट्ट बसलंय का ते पाहिलं आणि गेला. टांगेवाल्यासाठी आणलेला तंबाखूचा पुडा त्याच्या हातातच राहिला होता, तोही त्याने जाता जाता टांगेवाल्याच्या मांडीवर ठेवला.

मग मी पेट्रोल नेऊ लागलो. कल्याणच्या पंपावर स्वतः उभा राहून डबा भरून घ्यायचो, झाकणाला सुतळी बांधायचो आणि बदलापूरला आक्कांच्या फडक्यातून माझ्या हाताने गाळायचो. आठव्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला की गाडी बंद पडली आहे.

सायकल मारत जाताना मी स्वतःला समजावत होतो की, या वेळी दुसरं काही असेल, प्लग असेल, तार असेल. पडवीत बसून वाटी उघडली. तळाशी तोच पांढरा गाळ. मी तो बोटावर घेऊन चोळला, आणि तो खरोखरच चिकट लागला. जस्ताची भुकटी चोळली की खरखरते. हे मला वर्कशॉपपासून माहीत होतं. तीन वेळा तो गाळ मी पुसून टाकला, पण एकदाही बोटात धरून पाहिला नव्हता. ज्याला कार्बुरेटरमधलं काही कळत नव्हतं, त्याने पहिल्याच वेळी पाहिला होता.

डॉक्टरांनी माझा चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं. त्यांनी विचारलं, "पेट्रोल तू आणलंस ना?" मी हो म्हणालो. "डबा बांधून?" मी पुन्हा हो म्हणालो. मग मी उठलो आणि जे केव्हाच करायला हवं होतं ते केलं. औषधाची एक पांढऱ्या काचेची बाटली मागून घेतली, तिच्यात टाकीतलं पेट्रोल काढलं आणि खिडकीत ठेवलं. डॉक्टरांचं दवाखान्याचं काम आटपेपर्यंत मी थांबलो. पाण्याची रेघ आली नाही. पण उन्हात धरल्यावर बारीक पांढरे कण तरंगत तरंगत खाली बसताना दिसले.

डॉक्टरांना आता चेव चढला. ते म्हणाले, हा धातू नाही, पाणीही नाही, मग काय आहे? परातीतल्या गाळाकडे बघत ते पाच मिनिटं बसून राहिले. मग आत गेले आणि जखमांना लावायच्या आयोडिनची बाटली घेऊन आले. एक थेंब गाळावर टाकला. तपकिरी थेंब आमच्या डोळ्यांदेखत निळा-काळा झाला, शाईसारखा.

"सदाशिव," डॉक्टर म्हणाले, "ही भाताची पेज आहे."

मला वाटलं डॉक्टर थट्टा करताहेत. गाडीत पेज कोण घालील? त्यांनी मला समजावलं की, आयोडिनचा असा रंग फक्त पिठूळ वस्तूवर होतो, तांदूळ, बटाटा, साबुदाणा असल्या. आम्ही दोघंही परातीकडे बघत बसलो होतो, आणि तेवढ्यात आक्का आतून दोन फडकी घेऊन आल्या. आज धुणं लवकर वाळलं म्हणाल्या, आणि ती खुंटीला लावू लागल्या. फडक्यांचा कड-कड असा आवाज झाला.

मी उठून एक फडकं हातात घेतलं. पापडासारखं ताठ होतं. परातीवर धरून चुरगळलं, तर बारीक पांढरी पूड झरली. डॉक्टरांनी तिच्यावर थेंब टाकला. निळा-काळा.

आक्कांना आम्ही विचारलं तेव्हा त्यांना आमच्या विचारण्याचंच नवल वाटलं. धुतलेल्या पांढऱ्या कपड्याला भाताच्या पेजेची खळ द्यायची नाही तर काय करायचं? डॉक्टरांची धोतरं, उपरणी, पंचे सगळे आक्का खळीत बुडवायच्या, त्यांच्याबरोबर हेही. पांढरं फडकं बिनखळीचं खुंटीला लोंबतंय हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल? मग पावसाळ्यात? पावसाळ्यात खळ देत नाहीत, आक्का म्हणाल्या, कपडे वाळत नाहीत आणि आंबूस वास येतो. दिवाळीला ऊन कडक झालं की खळ सुरू.

म्हणजे सगळा उलगडा झाला. दिवाळीनंतर बारकू आला आणि दिवाळीनंतरच खळ आली. दोघं एकाच सुमाराला आले आणि मी त्यातल्या माणसाला धरलं. थंडीत टाकीच्या आतल्या अंगाला दव धरतं, तेवढ्या ओलाव्यात खळीची पूड भिजून चिकट होत होती. पेट्रोलमधला कचरा अडवायला म्हणून मी फडकं लावायला सांगितलं आणि कचरा फडक्यातूनच येत होता. दर वेळी ते धुवा, हा हुकूमही माझाच.

आक्कांनी फडकं माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या बारकूला काढलंत ते ह्यासाठी?" आम्ही दोघांनीही मान खाली घातली.

मला वाटलं होतं की बारकूचं पेट्रोलचं काम तेवढं गेलं. ते परत दिलं की झालं. पण स्टेशनबाहेर टांगेवाल्याकडून जे कळलं ते वेगळंच होतं. पडवीत ऐकलेली गोष्ट बाजारात पोचली होती. डॉक्टरांच्या पेट्रोलमध्ये पाणी घालतो तो आपल्या तेलात काय घालत असेल, असं लोक म्हणू लागले होते. त्या आठवड्यात दोन्ही फेऱ्यांना बारकूची बैलगाडी कल्याणला रिकामी गेली आणि रिकामी आली. मग त्याने जाणंच सोडलं होतं. ऐकून मला माझीच लाज वाटली. कार्बुरेटर दहादा बिघडला तरी नवा जेट मिळतो. त्याची ती पत मी एका वाक्यात घालवली होती.

मी बेलवलीला गेलो. बारकू वालाच्या शेतात पाणी देत होता. मी त्याला सगळं सांगितलं, फडकं, खळ, आयोडिन. त्याने पाणी देणं थांबवलं नाही. माझं सांगून झाल्यावर मी म्हणालो, बारकू, माझं चुकलं. उद्यापासून तूच पेट्रोल आण.

तो वाकलेला सरळ झाला. म्हणाला, "तू डागतरचे पडवीत बोल्लास. पन ती गोस्ट बाजारात ग्येली. जितवर ग्येली तितवर येऊन बोल."

मी तयार झालो. नाही म्हणायला तोंड होतं कुठे? बाजाराच्या दिवशी सकाळी टांग्यांच्या अड्ड्यावर मी डॉक्टरांची गाडी लावली. मुद्दाम खळीच्या फडक्यातून गाळलेलं पेट्रोल घालून ती दोन दिवस चालवली होती. डॉक्टर आयोडिन घेऊन आले. आणि टांग्यातून आक्काही उतरल्या, हातात खळीचं पातेलं घेऊन. आक्का बाजारात कधी पाऊल टाकत नसत. त्यांना पाहूनच अर्धा बाजार गोळा झाला. बारकू मागच्या बाजूला त्याच्या रिकाम्या बैलगाडीला टेकून उभा होता.

मी परात मांडली आणि कार्बुरेटर उघडला. इतके लोक वाकून बघताहेत म्हटल्यावर माझ्या अंगात आलं, हे कबूल करतो. मी वाटी दाखवली, गोळा दाखवला, जेट उन्हाकडे धरून एकेकाला त्यातून बघायला लावलं. घोड्याचा केस का आणि तार का नाही, हेही सांगितलं. डॉक्टरांनी गाळावर थेंब टाकला, काळा झाला. आक्कांच्या पातेल्यातल्या खळीवर टाकला, काळा झाला. विहिरीच्या पाण्यात टाकला, तपकिरीच राहिला. लोक वा म्हणाले. एकाने विचारलं, हा गोळा बुडत का नाही? मी त्याला ते समजावू लागलो.

मागून बारकूचा आवाज आला, "ह्यो समदा ब्येस झाला. आता त्यो बोल."

मी गोळा परातीत ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "बारकूने पेट्रोलमध्ये पाणी घातलं नाही. त्याने काहीच चोरलं नाही. मी तपास न करता त्याला चोर ठरवलं. चूक माझी आहे." आवाज पुरेसा मोठा निघाला नाही असं वाटून मी ते पुन्हा एकदा म्हणालो. आक्का पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "खळ माझ्या हातची आहे. बारकूचा तिला हात लागलेला नाही. आता ज्याला कल्याणहून काही आणायचंय त्याने त्याला सांगा. पहिली मी सांगते." आणि त्यांनी तिथल्या तिथे त्याला एक शेर चांगली हळकुंडं आणायला सांगितलं आणि पैसे न मोजता दिले.

त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की बारकूला खांद्यावर घेतलं नाही. पण संध्याकाळी त्याची बैलगाडी बेलवलीकडे वळली तेव्हा टांगेवाल्याने त्याला आपल्यासाठी चाबकाची वादी आणायला सांगितली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. माघ संपेपर्यंत त्याची गाडी पूर्वीसारखी भरून येऊ लागली.

डॉक्टरांचं पेट्रोलही तो पुन्हा आणू लागला. आक्कांनी त्याच्यासाठी नवं बिनखळीचं फडकं करून ठेवलं होतं. त्याने ते घेतलं नाही. घरून आपल्या बायकोच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा आणायचा, त्यातून पेट्रोल गाळायचा आणि मग तो तुकडा घडी करून खांद्यावर टाकून घरी न्यायचा. तो खुंटीला कधी राहिला नाही. मी तिथे असलो तर गाळण्याआधी तो तुकडा उन्हाकडे धरून मला दोन्ही बाजूंनी दाखवायचा. मी म्हणायचो, अरे, नको दाखवूस. तो तरी दाखवायचाच.

गाडी त्यानंतर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली. मी आजही कुणाचं पेट्रोल बाटलीत ठेवल्याशिवाय तोंड उघडत नाही. परसराम होते तोवर बाटली त्यांच्याकडूनच मागून घ्यायचो, आणि ते ती काही न बोलता द्यायचे. बारकूशी माझं बोलणं नीट होतं. हाक मारली की तो थांबायचा, घोड्याचे केसही आणून द्यायचा, त्याच्या लेकीच्या लग्नाचं आवतणही मला आलं. पण त्या हिवाळ्यानंतर त्याने मला पुन्हा सदाभाव म्हटलं नाही. मिस्तरी म्हणायचा.